वळणावरचं निंबाचं पाणी

दादा, काल तुझा तेरावा झाला. लाडू चांगले झाले होते, तुला आवडायचे तसे, लवंग ठेचून घातलेले. अर्धं कल्याण जेवून गेलं. 'असा वैद्य पुन्हा होणे नाही' हे मी इतक्यांदा ऐकलं की माझे कान किटले. पंक्तीत वाढता वाढता मला हसू आलं, आणि शेजारच्या काकूंनी नेमकं पाहिलं. म्हणाल्या, "यमू, पाठचा भाऊ गेला आणि हसतेस काय गं?" मी म्हटलं, "पाठचा नाही काकू, पुढचा. आणि हसत नाहीये, चुलीच्या धुराने तोंड वाकडं होतंय."

खोटं बोलले. हसतच होते. कारण त्या आख्ख्या पंक्तीत एकटीला मलाच ठाऊक होतं की मी तुझा सूड घेतलाय. तुझ्याच घरात, तुझ्याच सुतकात, तुझ्याच नातवाला कडेवर घेऊन. तू असतास तर खुंटीवरची काठी काढली असतीस. आता काय काढशील? म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मधे बोलायचं नाही. आयुष्यभर तू बोललास आणि मी ऐकलं, आता जरा उलट होऊ दे.

तुझ्या औषधांच्या खोलीत बसलेय. दुपार आहे, तुझा विष्णू आणि सून सगुणा आत टेकलेत, नातू बाळ्या झोपलाय. लिहायला तुझ्या पुड्यांचेच कागद घेतलेत. आठवतं ना, मला अक्षर कसं आलं ते? मी सात वर्षांची, तू सतराचा. आई म्हणाली, पोरीच्या जातीला अक्षर कशाला? तू म्हणालास, "मला पुड्या बांधायला माणूस हवंय. पुडीत काय आहे ते वर लिहायला नको?" सगळी पोरं श्री गिरवतात, मी पहिला शब्द हिरडा लिहिला. मग बेहडा, मग आवळकाठी. 'सुंठ'मधला ठ मला उलटा यायचा, तर तू माझा हात धरून तो तीस वेळा काढून घेतलास, एकदाही खेकसला नाहीस. हे मी विसरलेले नाही. माझ्या सासरी, ठाण्याला, आमच्या आळीत चिठ्ठी वाचता येणारी मी एकटी बाई होते, ती तुझ्यामुळे. आणि आज तुझी उणीदुणी लिहितेय तीही तुझ्याच शिकवणीच्या जोरावर. असा गुरू कुणाला मिळू नये.

आता टोचण्याचं.

सरकारी देवी टोचणारा पहिल्यांदा आपल्या पारनाक्यावर आला तेव्हा तू त्याच्याशी दोन तास वाद घातलास. मी माडीवरून ऐकत होते. एका पोराच्या दंडावर उठलेल्या फोडातली लस काढायची आणि तीच दुसऱ्या पोराच्या दंडात भरायची, म्हणजे मोठ्या देवी येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तू विचारलंस, "त्या पहिल्या पोराच्या अंगात आणखी काय काय आहे ते तू पाहिलंस का? त्याला खरूज आहे का, त्याच्या बापाला काय आहे, ते तुझ्या वहीत लिहिलंय का?" त्याने आपली सुरी धोतराला पुसली आणि पुढच्या पोराला हाक मारली. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता तेव्हा!

आणि तू उगाच बोलत नव्हतास, हेही लिहून ठेवते. कोलशेतच्या त्या मिठागरावरच्या पोराचा दंड टोचल्यावर सडला होता. त्याची आई त्याला होडीतून घेऊन आली. तू पंधरा दिवस त्याला आपल्या पडवीत ठेवून घेतलंस, रोज स्वतः धुतलंस, स्वतः मलम लावलंस, आणि तो गेलाच. त्यानंतर तू दोन दिवस जेवला नव्हतास. तेव्हा दादा, तुझी शंका खोटी होती असं मी कधी म्हटलं नाही. शंका घेणाऱ्याने उत्तरही शोधावं, एवढंच माझं म्हणणं. तू तिची गादी मांडलीस आणि वर चढून बसलास.

कारण पुढे तू काय केलंस? सरकारशी भांडण नको, मामलेदाराचा शिपाई दारात यायला नको, म्हणून तू आपली एक युक्ती काढलीस. बायकांना सांगायला लागलास, "टोचणाऱ्याला नाही म्हणू नका. पोराला घेऊन चावडीवर जा, टोचून घ्या, त्याच्या वहीत नाव लागू दे. आणि वळणावर आलात की धुवा." चावडीकडून येताना वळणावर जी विहीर आहे, कडुनिंबाच्या झाडाखाली, तिथे तू रांजण ठेवलास. त्यात निंबाचं उकळलेलं पाणी. टोचलेल्या जागेवर तीन वेळा ओतायचं, पदराने चोळायचं, वर चिमूटभर राख लावायची. सरकारही खूष, वैद्यबुवाही खूष. टोचणारा बिचारा आठ दिवसांनी यायचा आणि बघायचा तर एकाही दंडावर फोड नाही. त्याला वाटायचं लसच फुकट गेली. आख्खं गाव त्याच्या पाठीमागे हसायचं.

मीही हसले होते रे. तेच तर सांगतेय.

चिमी अडीच वर्षांची होती. मी दुसऱ्या खेपेला माहेरी आले होते, सातवा लागलेला. ठाण्याहून निघताना हे म्हणाले होते, "कल्याणला टोचणारा येणार आहे, पोरीला टोचून घे." मिठाच्या खात्यात कारकून माणूस, साहेबाच्या तोंडून काहीबाही ऐकलेलं. मी घेऊन गेले. चिमी रडली, मग टोचणाऱ्याची छत्री बघून गप्प झाली. परत येताना वळणावर तू उभा. स्वतः! इतर बायकांसाठी नुसता रांजण, आणि बहिणीसाठी वैद्यबुवा जातीने हजर. हातात तांब्या. मी थबकले. म्हटलं, "दादा, हे म्हणालेत टोचून घे म्हणून." तू म्हणालास, "घेतलंस ना टोचून? मग झालं. आता धू." मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. ज्याने मला हिरडा लिहायला शिकवलं तो माणूस चुकेल असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. चिमीचा दंड पुढे केला. तू ओतलंस, मी चोळलं. चांगलं तीन वेळा.

पुढच्या फाल्गुनात, मी माहेरी असतानाच, तिला देवी आल्या.

त्या अकरा दिवसांबद्दल मी तुला दोष देणार नाही. तू तिच्या उशाशी बसून राहिलास. निंबाच्या डहाळ्यांनी वारा घातलास, घरात फोडणी बंद ठेवलीस, कुणाला केस विंचरू दिले नाहीस, शीतळेपुढे दहीभात ठेवलास, आणि देवीवर विश्वास नसल्यासारखा एकीकडे काढ्यावर काढे उकळलेस. तुझे डोळे सुजले होते. तिच्या पापण्या चिकटल्या तेव्हा कापूस भिजवून भिजवून तू त्या सोडवल्यास, आणि तिने तुला 'मामा, दिवा लाव' म्हटलं. भर दुपारी. अकराव्या दिवशी सकाळी ती गेली. खाडीवर तिला तूच घेऊन गेलास, छातीशी धरून, दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाहीस.

आणि परत आल्यावर ओट्यावर बसून म्हणालास, "देवीची इच्छा."

अरे, कुणाची? ज्या माणसाने टोचणाऱ्याला दोन तास प्रश्न विचारून घाम फोडला, ज्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं, साधी शिंक आली तरी काल काय खाल्लंस म्हणून विचारायचा, त्याला त्या दिवशी एकही प्रश्न पडला नाही? रांजण डोळ्यांपुढे आला नाही? त्या दिवशी तू वैद्य नव्हतास. तू पळालास. देवीच्या पदराआड जाऊन लपलास.

मी त्या वेळी काही बोलले नाही. बोलले त्या वर्षीच्या भाऊबीजेला. तुला ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "दादा, चुकलास ना?" तू साडी पुढे केलीस आणि म्हणालास, "ताप फार जबर होता." पुढल्या भाऊबीजेला पुन्हा विचारलं. "टोचूनही मरतात पोरं." तिसऱ्या भाऊबीजेला तू जे म्हणालास ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. तू म्हणालास, "यमे, तू नीट धुतलं नसशील. अर्धीमुर्धी लस अंगात राहिली असेल, तिनेच घात केला."

तू नीट धुतलं नसशील!

मी ताट उचललं आणि ठाण्याला निघून गेले. गाडीत सगळा रस्ता पदर तोंडात कोंबून बसले होते. हे चोळलं ते बोट, हे दुसरं. वर्षभर मी माझ्या बोटांकडे बघत राहिले, दादा. पुढच्या दोन्ही पोरांना ठाण्याला टोचून घेतलं आणि दंडाला आठ दिवस पाणी लागू दिलं नाही. दोघं आज मिशीवाले झालेत. तुला ठाऊक होतं, तू त्यांचे दंड बघायचास आणि नजर वळवायचास. तरी रांजण काही हलला नाही.

बावीस भाऊबीजा विचारलं. एकदासुद्धा हो म्हणाला नाहीस, आणि एकदासुद्धा तिचं नाव घेतलं नाहीस. 'तुझी पहिली' म्हणायचास. 'तुझी पहिली असती तर आज सासरी असती.' नाव होतं तिला. तूच कानात सांगितलेलं, बारशाला.

आणि तरी तुला धाप लागली तेव्हा धावत आलेच की नाही? वहिनी गेलेली, सगुणाच्या अंगावर पिणारं पोर, विष्णू एकटा किती करणार? दीड महिना तुझं हागणंमुतणं काढलं. सरकारी इस्पितळातला डॉक्टर बोलवू म्हटलं तर तू उशी फेकलीस. हट्टी मेला! तुझाच काढा, तुझ्याच प्रमाणाने, तिन्ही वेळा उकळून दिला. शेवटच्या दिवशी तुझे पाय गार पडायला लागले हे मला कळलं, तुलाही कळलं, तू काय अडाणी होतास? विष्णू पाणी आणायला गेला होता. मी तुझ्या कानाशी वाकले. म्हटलं, "दादा, आता कुणी नाहीये. मी आणि तू. आता तरी म्हण."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे चांगलं पाहिलंस. ओठ हलवलेस. आणि तू म्हणालास, "यमे, काढा कडू झालाय."

बस्स. हे तुझे शेवटचे शब्द. तासाभरात तू गेलास.

कडू होताच, दादा. मध घातला नव्हता. विसरले नव्हते, बरणी हाताशी होती. त्या सकाळी मनात आलं, बावीस वर्षं मी गिळलं, एक दिवस तूही गीळ. नाही घातला. हे एवढं मला टोचत राहणार आहे, तेही सांगून टाकते.

आता सूड ऐक.

तू गेलास त्याच आठवड्यात कासार आळीत देवी आल्याची बातमी आली. दोन दारांवर निंबाचे टहाळे लागले. सगुणाचं तोंड उतरलं. बाळ्या सहा महिन्यांचा, अंगावर पिणारा. सुतकातली सून काय बोलणार? पण पोराला एक क्षण खाली ठेवीना. पाचव्या दिवशी सकाळी चावडीवर टोचणारा आल्याचं कळलं. विष्णू तुझ्या क्रियेला खाडीवर गेला होता. मी सगुणापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मला लग्न झालेल्या बहिणीला तीन दिवसांचं सुतक, ते फिटलं. अंगावरच्या पोराला कसलं आलंय सुतक? देतेस का?"

तिने विचारलं, "आणि मामंजींनी नको म्हटलं होतं ते?"

"ते आता खाडीवर आहेत."

ती रडली आणि पोर माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आत्याबाई, लवकर न्या. मला पुन्हा विचारू नका, नाहीतर मी देणार नाही."

चावडीवर मी काय केलं ते ऐकलंस तर तुला बरं वाटेल, म्हणून सांगणार नव्हते, पण सांगते. टोचणाऱ्याने डोंबिवलीहून एक बाई आणि तिचं फोड आलेलं पोर बरोबर आणलं होतं, त्याच्या दंडातून लस काढणार. मी म्हटलं, आधी त्या पोराला उघडं करा. त्याची बोटांची बेचकी पाहिली, मान पाहिली, तोंड उघडून जीभ पाहिली. खरूज नाही, गाठी नाहीत, पोर टणटणीत. टोचणाऱ्याने सुरी धोतराला पुसली, तसा मी त्याचा हात धरला. "ती आधी दिव्यावर धरा. माझा भाऊ साधा फोड कापायचा तरी सुरी विस्तवावर धरल्याशिवाय नाही." तो म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ कोण?" मी नाव सांगितलं. तो चांगला दचकला. म्हणाला, "आणि तुम्ही टोचून घ्यायला आलात?" म्हटलं, "तोंड बंद ठेवा आणि सुरी गार होऊ द्या, पोर भाजेल."

म्हणजे तुझे सगळे प्रश्न मी विचारले, दादा. फक्त उत्तर मिळाल्यावर पुढे गेले. तुला तेवढंच जमलं नाही.

टोचून परत येताना वळणावर रांजण होताच. तुझ्या माघारीही कुणीतरी भरून ठेवला होता. बाळ्याला पदराखाली घेतलं आणि पलीकडच्या अंगाने चालत आले.

चार दिवस झाकलं. नवव्या दिवशी बाळ्याला तेल लावताना झबलं सरकलं आणि विष्णूने पाहिलं. दंडावर लाल टपोरा दाणा. तुझाच मुलगा तो, त्याला कळायला किती वेळ? पहिल्यांदा मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. शांतपणे या खोलीत आला, चुना घेतला, हळद घेतली, खलात घोटायला बसला. तो दाणा जाळून टाकणार होता. मी दाराशी आडवी झाले. "विष्णू, हात लावायचा नाही."

"आत्या, बाबांच्या चितेची राख निवाली नाही अजून! पाचव्या दिवशी? त्यांच्या शब्दाबाहेर? लोक काय म्हणतील? कुठल्या तोंडाने मी उद्या पिंड देऊ?"

सगुणा पोराला घट्ट धरून कोपऱ्यात बसलेली. बाळ्या खलाचा आवाज ऐकून हसत होता, त्याला वाटलं कुणीतरी खेळतंय. विष्णू उठला, चुन्याची वाटी हातात. आणि दादा, तुझी शपथ, मी ठरवून काही केलं नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं. "तुझ्या बाबांनीच सांगितलंय मला."

तो थांबला.

"मरताना. तू पाणी आणायला गेला होतास तेव्हा. म्हणाला, यमे, मी चुकलो. बाळ्याला टोचून घे, आणि धुवू देऊ नकोस."

विष्णूने वाटी खाली ठेवली. खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "बाबा असं म्हणाले? मला का नाही सांगितलं? मला का नाही?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बावीस वर्षं ज्या एका शब्दासाठी मी तुझ्या दारात दिवा घेऊन उभी राहिले, तो मी शेवटी माझ्याच तोंडून ऐकला. आणि इतका गोड लागला म्हणून सांगू! आत कुठेतरी पंख्याची झुळूक आल्यासारखं झालं. तू नाही दिलास ना? मी घेतला. ओढून घेतला.

मला वाटलं घरातली गोष्ट घरात राहील. कुठली राहतेय! काल तेराव्याच्या पंक्तीत विष्णू हात जोडून उभा राहिला आणि सगळ्यांना सांगितलं. रडत रडत. बाबा मरताना आत्याला असं असं म्हणाले. भातावर वरण वाढायचं सोडून मी तशीच उभी. वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, वैद्यबुवांनी आमची पोरं फुकट घालवली. म्हणू देत, हेच तर मला ऐकायचं होतं! तर ते पारनाक्यावरचे म्हातारे शास्त्रीबुवा डोळे पुसत म्हणाले, "केवढं हे मन! मरताना आपली चूक कबूल करायला केवढी छाती लागते." झालं. सगळे माना डोलवायला लागले. मी सूड घ्यायला निघाले आणि तुझ्या डोक्यावर आणखी एक पगडी चढवून आले. तेव्हा मला ते हसू फुटलं, काकूंनी पाहिलं ते. पण जाऊ दे. शब्द तुझ्या तोंडी बसला ना? बसला. आता तो निघायचा नाही.

पंक्ती उठल्या आणि मी सगुणाला म्हटलं, चल. आठ दिवस झाले होते, बाळ्याचा फोड मोत्यासारखा भरला होता, टोचणारा चावडीवर वाट बघत होता. अकरा पोरं जमली होती. बाळ्याच्या दंडातली लस त्या अकरांना जाणार. सगुणा कचरली. "आत्याबाई, त्याचं बळ निघून जाईल हो." मी म्हटलं, "अगं, त्याच्या आजाच्या अंगात जेवढा हट्ट होता ना, त्याच्या निम्मं बळ जरी याच्यात असलं तरी आख्ख्या कल्याणला पुरेल." ती रडता रडता हसली. बाळ्या जरासा कुरकुरला, मग टोचणाऱ्याच्या छत्रीला हात घालायला लागला. मला दुसरीकडे बघावं लागलं. अकरा पोरं, दादा. कासाराचं, माळ्याचं, खाडीपलीकडल्या कोळणीचं. कुणाच्या अंगातलं कुणाच्या अंगात म्हणून तू वाद घातला होतास ना? आता तुझ्या घरातलं त्या सगळ्यांच्या अंगात.

सगुणा दमली होती, तिला घरी पाठवलं. बाळ्याला घेऊन मी वळणावर जाऊन उभी राहिले. निंबाखाली, बरोबर तिथे, जिथे तू तांब्या घेऊन उभा होतास.

पंक्तीत बसलेल्यांना बातमी पोचली होती, पण मिठागरावरच्या बायकांना पंक्तीची बातमी कोण देणार? पहिलीच आली ती डोंबिवलीकडची एक आगरीण, तरणीताठी, कडेवर पोर. सवयीने सरळ रांजणाकडे गेली आणि तांब्या बुडवला.

"थांब," मी म्हटलं. "धुवू नकोस."

"वैद्यबाबांनीच सांगलंय ना, आत्याबाय. टोचलं का धवाचं. माज्या थोरल्याचंबी धवलं व्हतं."

"थोरला कसा आहे?"

"हाय ना. बापासंगं मिठागरावर जातंय."

"तुझं नशीब. माझी वाचली नाही." ती तांब्या धरून उभी राहिली. मी म्हटलं, "वैद्यबाबा माझा सख्खा भाऊ. तो गेला. जाताना सांगून गेला, मी चुकलो, कुणालाही धुवू देऊ नका."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाळ्याच्या दंडावरच्या पट्टीकडे पाहिलं. "ह्यो बाबाचा नातू?" म्हटलं, हो. तिने तांब्यातलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. मग तुझ्या घराच्या दिशेने हात जोडले. "देवमानूस व्हता," म्हणाली. हे ऐकायची सवय व्हायला लागलीय मला. पोराला सावरून ती निघाली आणि दोन पावलांवर पुन्हा वळली.

"आजून काय म्हनलं बाबा?"

काम झालं होतं, दादा. पोराचा दंड कोरडा होता, ती धुणार नव्हती. मला आणखी काही बोलायची गरज नव्हती. तरी बोलले.

"चिमीचं नाव घेतलं."

"कोन चिमी?"

"माझी लेक."

तिने मान हलवली आणि गेली. मागून दुसरी येत होती, तिच्यामागे तिसरी. संध्याकाळपर्यंत मी तिथेच उभी होते. जी जी आली तिला धुवू नको म्हणून सांगितलं, तुझं नाव घेऊन. आणि कुणी विचारलं नाही तरी शेवटी चिमीचंही सांगितलं, की मरताना माझ्या भावाने तिचं नाव घेतलं, दोनदा घेतलं. ते काही पोरांच्या दंडासाठी नव्हतं. ते माझं मला हवं होतं.

तर असं आहे. तुझे शेवटचे शब्द आता तू ठरवायचे नाहीत, मी ठरवलेत. खाडीपलीकडे पोचलेसुद्धा असतील. सगळं धादांत खोटं आहे आणि ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. खोटं पाडायचं असेल तर ये. खुंटीवर तुझी काठी आहे. ये, आणि मला सांग की यमे, मी असलं काही म्हणालो नव्हतो. भांड माझ्याशी. मी चूल पेटवते, काढा टाकते, आणि या खेपेला त्यात मध घालते.